ढोली

मार्चमधली रात्र. अडीच वाजले असतील. डोक्यावर छतात कुणीतरी चाललं आणि मी दचकून उठून बसले. झोपेच्या गुंगीत क्षणभर वाटलं, आपण राजापूरलाच आहोत. आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर असंच पाऊल वाजायचं. आधी एक धप्प, मग बराच वेळ सामसूम, मग वाशावरून कुणीतरी अंग सावरत चालल्यासारखं. मी आजीच्या लुगड्यात शिरायचे. आजी डोळे न उघडता म्हणायची, "कांडेचोर आहे गो. त्याचा दिवस आत्ता उजाडला. तू नीज." पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मेलबर्नला कांडेचोर कुठून येणार? नवऱ्याने शिडी लावली, छताचं चौकोनी झाकण सरकवलं आणि टॉर्च मारला. त्याच्या खांद्यावरून मीही डोकावले. उष्णता अडवायला पसरलेल्या जाड गाद्यांवर, तुळईला पाठ टेकून एक प्राणी बसला होता. चांगल्या पोसलेल्या मांजराएवढा. राखाडी दाट केस, ओलसर गुलाबी नाक, टोकदार उभे कान आणि मागे काळी, झुपकेदार शेपटी. डोळे उजेडात निखाऱ्यासारखे तांबडे दिसले. पळण्याची घाई त्याला नव्हती. आमच्याकडे बघत त्याने घशातून एक खरखरीत आवाज काढला, ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. नवऱ्याने झाकण परत लावलं.

तो पॉसम होता. ब्रशटेल पॉसम. आणि तो आमच्या छतात का आला असेल, हे मला शिडीवरच कळून चुकलं. खाली उतरल्यावर मी नवऱ्याशी काही बोलले नाही. सकाळपर्यंत झोप लागली नाही.

फेब्रुवारीत आम्ही मागच्या अंगणातलं निलगिरीचं झाड तोडलं होतं. यलो बॉक्स म्हणतात त्या जातीचं. खरं तर ते झाड बघूनच मी हे घर पसंत केलं होतं. फुलांवर आलं की अख्खं झाड मधमाश्यांनी घुमायचं. पण वाऱ्याच्या एका रात्री त्याची मांडीएवढी जाड फांदी शेजाऱ्यांच्या कुंपणावर कोसळली. कुंपणाच्या पलीकडे त्यांची नातवंडं खेळतात. झाडाच्या पोटात पोकळी आहे, आणखी फांद्या येऊ शकतात, असं तपासणाऱ्याने सांगितलं. रीतसर परवानगी निघाली आणि कागदावर सही मी केली.

झाडं तोडणारा माणूस सकाळी सातला आला. दोर लावून चढला. तोडण्याआधी लांब काठीच्या टोकाला बांधलेला कॅमेरा त्याने ढोलीत घालून पाहिला आणि वरूनच ओरडून सांगितलं, आज आत कुणी नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती. पॉसमचं एका ढोलीवर भागत नाही. आपल्या टापूतल्या अनेक जागा त्याला ठाऊक असतात आणि तो त्या आलटूनपालटून वापरतो. त्या दिवशी तो दुसरीकडे झोपला असणार, एवढंच.

दुपारी खोडाचा पोकळ भाग जमिनीवर आडवा झाला तेव्हा त्या माणसाने मला हाक मारली. ढोलीचं तोंड माझ्या पंजाएवढं होतं. त्याची खालची कड गुळगुळीत झिजली होती, राजापूरच्या आमच्या उंबरठ्यासारखी, मधोमध जरा जास्त. इतक्या पिढ्यांचे पाय आणि पोटं तिथून घासून गेली होती. मी आत हात घातला. बाहेर उन्हाने अंग भाजत होतं आणि आत कोरडा, निवांत गारवा होता. बोटांना लाकडाचा मऊ भुसा लागला, सुकलेल्या लेंड्या लागल्या, करड्या केसांचा एक पुंजका लागला. निलगिरीच्या तेलाचा आणि पावसात भिजलेल्या घोंगडीचा असा एकत्र वास आला. "मेलबर्न वसायच्या आधीपासून हे झाड इथे उभं असणार," तो माणूस म्हणाला. मेलबर्न वसलं 1835 मध्ये. त्याने यंत्र बंद केलं होतं, कानांवरचे बोळे काढून गळ्यात टाकले होते, आणि आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत उभे होतो. जाताना त्याने ढोलीचा भाग दोन तुकड्यांत कापून कुंपणाशी ठेवला. म्हणाला, हे जाळू नका.

आम्ही राजापूरची माणसं. ढोली म्हटली की ती कुणीतरी केलेली असते. सुतारपक्षी चोचीने खोड फोडून काढतो. तांबट वाळक्या फांदीत आपलं गोल दार कोरतो. त्यांची पिल्लं उडाली की तिथे पोपट येतात, साळुंक्या येतात, पिंगळा येऊन बसतो. एकाने बांधलेलं घर दहाजणांना पुरतं. ऑस्ट्रेलियात मात्र सुतारपक्षी नाहीत. एकही जात नाही. इथे आल्यावर कितीतरी वर्षं जंगलात फिरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. ती ठोकठोक नाही, हे एक दिवस ध्यानात आलं.

मग इथे ढोली करतं कोण? फांदी मोडते. जखमेतून पाणी आणि बुरशी आत शिरतात. वाळवी गाभा पोखरते. कधी वणवा येऊन आतलं मेलेलं लाकूड जाळून जातो. बाहेरून झाड जिवंत असतं, वाढत असतं, दरवर्षी फुलत असतं, आणि आतून हळूहळू रिकामं होत असतं. पॉसमसारखा प्राणी आत मावेल एवढी पोकळी तयार व्हायला बहुतेक निलगिरींना शंभर वर्षांहून जास्त काळ लागतो, मोठ्या ढोल्यांना दोनशेदेखील. आणि या देशातले तीनशेहून अधिक जातींचे पशुपक्षी, सरडे, बेडूक अशा ढोल्यांच्या आसऱ्याने राहतात. काकाकुवे, पोपट, घुबडं, वटवाघळं, हवेत तरंगत जाणारे ग्लायडर, सगळे एकाच दारापाशी उभे.

त्या रांगेत आपलीही एक आहे. साळुंकी. 1862 पासून ती मेलबर्नमध्ये आणून सोडली गेली, पिकांवरचे किडे खाईल म्हणून. ती इथे रुजली, फोफावली, आणि आता इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते म्हणून लोक तिच्यावर चिडून असतात. सकाळी विजेच्या तारेवर बसून ती अगदी अंगणातल्यासारखी बोलते. मला ती आवडते, आणि ती कुणाच्या घरात राहते आहे हेही मला माहीत आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींत मिसळता आलेल्या नाहीत.

छतातल्या पाहुण्याचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. पॉसम पकडून देणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना आम्ही बोलावलं. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. पिंजरा लावायचा, गाडीत घालायचं आणि डँडेनाँगच्या डोंगरात, दाट जंगलात नेऊन सोडायचं. तिथे झाडांना काय तोटा? त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं केलंत तर तो बहुधा मरेल." व्हिक्टोरिया राज्याचा कायदाही तेच सांगतो. पॉसमला 1975 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. परवानगी असेल त्या वेळी पकडलेला ब्रशटेल त्याच दिवशी अंधार पडताना, त्याच आवारात, पकडल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत सोडावा लागतो. दूर नेऊन सोडलेले बहुतेक पॉसम फार दिवस जगत नाहीत. तिथल्या ढोल्या आधीच कुणाच्या तरी असतात. कोणत्या झाडाचा पाला कधी कोवळा असतो ते त्याला माहीत नसतं, कुठल्या फांदीवरून कुठल्या फांदीवर जाता येतं ते माहीत नसतं. तो जमिनीवर उतरतो आणि कोल्ह्याच्या, मांजराच्या तोंडी जातो.

पन्नास मीटर. सात समुद्र ओलांडून आलेल्या मला तो आकडा ऐकून गप्प व्हायला झालं.

सफरचंदाच्या फोडीला भुलून तो पिंजऱ्यात आला. दिवसभर पिंजरा सावलीत ठेवून वर चादर टाकली होती. गृहस्थ संध्याकाळी येणार होते. मी बाजूला बसून होते, आणि न राहवून अधूनमधून चादरीची कड उचलून बघत होते. जवळून पाहिलं तेव्हाच कळलं की तो नाही, ती आहे. ती जाळीला पुढचे पाय लावून उभी राहिली तेव्हा पोटावरच्या केसांत पिशवीची आडवी घडी दिसली. कांगारूसारखंच हे शिशुधान, पोटाला पिशवी असलेलं जनावर. नराच्या छातीवर तांबूस तपकिरी डाग असतो. तिथल्या ग्रंथीचा वास तो फांद्यांवर घासून आपली हद्द आखतो. हिची छाती स्वच्छ फिकी होती.

सगळ्यात जास्त वेळ मी बघत राहिले ते तिच्या मागच्या पायांकडे. अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा, आपल्या हाताच्या अंगठ्यासारखा फाकलेला, आणि त्याला नखच नाही. त्याने ती फांदी मुठीत धरते. त्याच्या शेजारची दोन बोटं एकाच कातडीत जोडलेली, पण टोकाला नखं दोन. हा तिचा कंगवा. दुपारभर ती मधूनच जागी व्हायची आणि त्या जोडनखांनी कानामागचे, काखेतले केस विंचरायची, इतक्या मन लावून की आपण बघतोय याचा मला संकोच वाटला. शेपटीच्या खालच्या बाजूला, टोकाकडे केस नव्हते. नुसती खडबडीत कातडी, घट्ट पकड यावी म्हणून. कॅप्टन कुकच्या जहाजावरचा निसर्ग अभ्यासक जोसेफ बँक्स 1770 मध्ये एंडेव्हर नदीकाठी उतरला, तेव्हा अशाच एका पिशवीवाल्या प्राण्याला त्याने अमेरिकेतल्या ओपॉसमच्या कुळातला म्हटलं. ते नाव मुळात अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषेतलं. तेच उसनं नाव इथल्या इतक्या वेगवेगळ्या प्राण्यांना चिकटलं. मेलबर्न ज्यांच्या भूमीवर उभं आहे त्या वुरुंजेरी लोकांच्या भाषेत तिचं नाव होतं आणि आहे, वॉलर्ट.

दिवे लागायच्या वेळेला गृहस्थांनी दार उघडलं. छताची फट त्यांनी तोवर बंद केली होती. ती लगेच बाहेर आली नाही. मग आली, थांबली, नाक वर करून वारा हुंगला, आणि गवतातून सरळ चालत गेली ती तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर. बुंध्याच्या सपाट गोल चकतीवर ती बसली. एकदा मागच्या पायांवर उभी राहिली. जिथे खोड असायचं तिथे, रिकाम्या हवेत, तिने पुढचा एक पाय वर धरला होता. किती वेळ, सांगता येणार नाही. माझी नऊ वर्षांची लेक माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात सोडला आणि घरात निघून गेली.

तो जड ओंडका झाडावर चढवण्याची कल्पना त्या गृहस्थांची. बाजारात प्लायवुडच्या पेट्या मिळतात, पण पातळ फळीची पेटी उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. खऱ्या ढोलीची भिंत जाड, आतलं तापमान फार हलत नाही. मेलबर्नचा पारा चाळीसच्या वर जातो त्या दिवसांत हा फरक जिवावरचा असतो. झाडं तोडणारा तोच माणूस पुन्हा आला. कुंपणाशी पडलेल्या दोन तुकड्यांपैकी तोंडाचा तुकडा घेतला, खालून वरून जाड फळ्या ठोकल्या, आणि अंगणात उरलेल्या दुसऱ्या, वयाने लहान निलगिरीवर चार मीटर उंचीवर पट्ट्यांनी आवळून बसवला. तोंड दक्षिणपूर्वेला. इथे दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं, हे अजूनही मला दरवेळी मनात उलटं करून घ्यावं लागतं.

दोन महिने तिथे कोळ्याच्या जाळ्याशिवाय काही नव्हतं. ती कुठे राहत होती कुणास ठाऊक. रात्री कुंपणावरून जाताना दिसायची. सूर्य बुडून अर्धा तास झाला की ती निघते. कुंपणाच्या वरच्या कडेवरून, मग तारेवरून, मग शेजारच्या जर्दाळूवर. पॉसम निलगिरीचा पाला खातो हे खरं, पण त्या पाल्यात तेलं आणि विषारी द्रव्यं इतकी असतात की एकाच झाडाचं पोटभर खाल्लं तर मळमळायला लागतं. म्हणून या झाडाची थोडी पानं, त्या झाडाची थोडी, मग कुणाची गुलाबाची कळी, गवत, पडलेलं फळ. आपल्या पोटाला काय किती सोसेल याचा हिशेब ती वासावरून करते. आमच्या गुलाबाचे कोंब सकाळी खुडलेले असायचे. मेलबर्नच्या बागांत जुन्या एल्म वृक्षांना पॉसमपासून वाचवायला खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आमच्या आगरात उंदीर चढू नयेत म्हणून माडांना अगदी असाच पत्रा मारलेला असतो. पण गुलाबाला मी काही बांधलं नाही.

जूनच्या अखेरीला, कडाक्याच्या थंडीत, ओंडक्याच्या तोंडातलं जाळं तुटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं मागच्या पायरीवर अंगावर पांघरूण घेऊन बसलो. अंधार पडत आला आणि त्या भोकात आधी गुलाबी नाक आलं. मग ती खांद्यापर्यंत बाहेर आली आणि कडेवर हनुवटी टेकून पाच-दहा मिनिटं नुसती बघत राहिली. तिचीच ती झिजलेली कड. लेकीने माझ्या दंडाला घट्ट धरलं होतं, बोटं रुतेपर्यंत.

तेव्हा तिच्या पिशवीत पिल्लू होतं, हे आम्हाला सप्टेंबरमध्ये कळलं. ब्रशटेल मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत वितात. पोटात दिवस असतात ते अवघे सोळा ते अठरा. बाहेर येतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं, उघडं, आंधळं, वजन ग्रॅमचा पाचवा हिस्सा. एवढासा जीव पुढच्या पायांनी आईच्या केसांतून स्वतः चढत पिशवीपर्यंत पोचतो आणि आचळ तोंडात धरतो. मग चार-पाच महिने तिथेच. बहुधा एकच पिल्लू. पिशवीतून निघालं की महिना-दोन महिने आईच्या पाठीवर. एका संध्याकाळी ती भोकातून बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर मुठीएवढा एक गोळा चिकटलेला होता, कान नुसते, आणि तिचे केस दोन्ही मुठींत. ती तारेवरून चालत गेली तेव्हा तो गोळा प्रत्येक पावलाला डुलत होता. मला एकाएकी आजीची लुगड्याची झोळी आठवली, मांगराच्या आढ्याला बांधलेली.

आणि पॉसमच्या घराण्याची एक गोष्ट वाचली तेव्हापासून ती माझ्या मनातून जात नाही. इथे मुलगे घर सोडतात. वयात आले की दूर निघून जातात, नवा टापू शोधतात, पुष्कळसे वाटेतच मरतात. लेकी आईच्या जवळ राहतात. आईच्याच झाडांवर वाढतात, तिच्या ढोल्यांच्या आसपास आपली ढोली शोधतात. म्हणजे सासर नाहीच, सगळं माहेर. पण लेकीला जवळ ठेवायचं तर जवळ ढोली हवी. संशोधकांनी वेगवेगळ्या जंगलांतले पॉसम मोजले तेव्हा दिसलं की जिथे ढोल्यांची टंचाई असते तिथे मुलगे जास्त जन्मतात, आणि जिथे ढोल्या मुबलक असतात तिथे हा कल कमी होतो. हे मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. झाड तोडताना मी काय काय तोडत होते, त्याची यादी माझ्याकडे तेव्हा नव्हती.

मेलबर्नच्या संग्रहालयाकडे इथल्या आदिवासींची दोन जुनी पांघरुणं जतन केलेली आहेत. एक इचूका भागातलं, 1853 मधलं, दुसरं लेक कोंडाहचं, 1872 मधलं. पॉसमच्या कातड्यांचे चौकोन कांगारूच्या शेपटीच्या तातीने एकमेकांना शिवून केलेली. केसांची बाजू अंगाशी, कातडीच्या बाजूला कोरलेल्या रेघा, आपली नदी, आपला कुळसंबंध सांगणाऱ्या. बाळ जन्मलं की त्याच्यासाठी थोड्या कातड्यांचं लहान पांघरूण करत आणि मूल वाढत जाई तसतशी त्याला कातडी जोडत जात. मोठेपणी तेच पांघरूण, म्हातारपणी तेच, आणि मेल्यावर त्यातच गुंडाळून दफन. मी हे ऐकलं तेव्हा मला त्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागला नाही. गोधडी. आजीच्या गोधडीत माझ्या पहिल्या परकराचा तुकडा होता. गोऱ्या वसाहतीत या लोकांना पांघरुणांऐवजी सरकारी ब्लँकेटं वाटली गेली. ती पावसात भिजायची आणि माणसं आजारी पडायची. विकी कझन्स, ली डॅरॉक, ट्रियाना हॅम या कलावंत स्त्रियांनी 1999 मध्ये ती जुनी पांघरुणं पाहिली आणि ती शिवण्याची विद्या पुन्हा जागी केली. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला व्हिक्टोरियातल्या आदिवासी समाजांचे ज्येष्ठ अशी नवी पांघरुणं अंगावर घेऊन आले.

आता ती शिवायला लागणारी कातडी न्यूझीलंडहून येतात, कारण इथे पॉसम मारता येत नाही. तिथे 1837 मध्ये लोकरी कातड्याच्या धंद्यासाठी हाच प्राणी नेण्याचा पहिला प्रयत्न झाला, 1858 पर्यंत तो तिथे रुजला. निलगिरीसारखं पाल्यात विष साठवून स्वतःला वाचवणारं जंगल तिथे नव्हतं. राता, पोहुतुकावा ही तिथली झाडं त्याने ओरबाडून वाळवली, पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली, गुरांमध्ये क्षय पसरवला. 2050 पर्यंत त्याला देशातून संपवायचं, असं न्यूझीलंडने 2016 मध्ये ठरवलं. त्या बातम्या वाचताना मला आमच्या तारेवरची साळुंकी आठवते. त्यावर अधिक काही मला सुचत नाही.

आईला मी सगळं सांगत असते. रविवारी फोन असतो. मागच्या सप्टेंबरात एका रविवारी संध्याकाळी मी व्हिडिओ लावला. इथे सात वाजले होते, तिथे अडीच. आई जेवून पडवीत लवंडली होती. मी फोन झाडाकडे धरला. टॉर्चला तांबडा जिलेटीन कागद लावला होता, डोळ्यांवर तिरीप जाऊ नये म्हणून.

"दिसतंय का?"

"काळोखच दिसतोय."

"थांब जरा."

ती बाहेर आली. आई चष्मा शोधून फोन तोंडाजवळ घेऊन बघत होती. मला तिच्या कपाळाचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. "शेपूट कांडेचोराहून जाड आहे गो," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आपल्याकडे आताशा येत नाही तो. माळाच कुठे राहिला?" चार वर्षांपूर्वी भावाने कौलं उतरवून स्लॅब घातला. गळती थांबली, आईला पावसात रात्रभर भांडी मांडत बसावं लागत नाही. स्लॅब घालू नका, असं मी इथून कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?

मग ओंडक्याच्या तोंडात दुसरं नाक आलं. आधीच्या वर्षीचं पिल्लू. आता ते जवळजवळ आईएवढं झालं होतं. छातीवर डाग नाही, घर सोडून गेलेली नाही, त्यामुळे मला वाटतं लेकच असावी. आई तारेवर पोचली होती. तिचं पोट पुन्हा जड दिसत होतं, पिशवीत नवं बाळ असणार. लेक कडेवर हात ठेवून थांबली. झिजलेल्या जागेच्या थोडी डावीकडे.

"ही तिथेच राहते? आईबरोबर?" आईने विचारलं.

"आत्तापर्यंत तरी. पण आता जागा पुरत नसेल. नवीन पिल्लू पाठीवर आलं की हिला दुसरी शोधावी लागेल."

"मग?"

मी फोन खाली वळवला. कुंपणाशी, गवतात, त्या झाडाचा दुसरा तुकडा पडला होता, दीड वर्ष उन्हापावसात, एका बाजूला शेवाळ चढलेलं. त्याला तोंड नव्हतं. दुपारीच नवऱ्याने त्यावर पेन्सिलीने गोल आखून ठेवला होता, दहा सेंटिमीटरचा. लेकीने त्या गोलात आपली मूठ धरून बघितली होती आणि पेन्सिल घेऊन खालची कड थोडी रुंद केली होती.

"कुठल्या झाडावर लावणार?" आईने विचारलं.

"त्याच. दुसऱ्या बाजूला."

"फार लांब नको," आई म्हणाली.